बरडावरचं मारवेल

बेबीबाई गवत चाखून पाहते. गायी घेऊन निघाली की चालता चालता वाकते, एक काडी उपटते, बुडखा पदराला पुसून दाढेखाली धरते. गोड लागली तर गायी तिथेच थांबवते, तुरट लागली तर पुढे हाकते. गावातल्या बाया म्हणतात, बेबीला आता शिंगं फुटायची तेवढी बाकी आहेत. हे तिच्या तोंडावरच म्हणतात. मग ती डोक्यावरचा पदर मागे सारून कपाळ पुढे करते, चाचपून पाहा म्हणते.

आमचं गाव एकोडीपासून दोन कोसांवर. धानाच्या बांध्या, मालगुजारीच्या काळातला एक मामा तलाव, तलाव अडवणारी मातीची पार आणि पारेखाली गाव. सकाळी दूध काढून झालं की प्रत्येक घरची गाय आखरावर येते. आखर म्हणजे गावाच्या तोंडाशी असलेली मोकळी जागा, गायी तिथे गोळा होतात आणि तिथून चरायला निघतात. बत्तीस गायी, काही गावरान, काही जर्सीच्या. त्यांच्यामागे काठी घेऊन बेबीबाई. हे गायकीचं, म्हणजे गावाच्या गायी राखायचं काम मुळात तिच्या नवऱ्याचं, ताराचंदचं. बारा वर्षांमागे तो भंडाऱ्याला राईस मिलवर चौकीदार म्हणून गेला आणि तिथलाच झाला. पंधरा दिवसांनी एसटीनं येतो, धुतलेले कपडे घेऊन जातो. त्यानं काठी खाली ठेवली, हिनं उचलली. बाईच्या काठीला ढोरं जुमानत नाहीत असं आठ दिवस लोक बोलले. नवव्या दिवशी बोलायचे थांबले, कारण गायी वेळेवर घरी येत होत्या आणि दूध पहिल्यासारखंच निघत होतं.

आता गायरानाचं. जुन्या कागदावर ते पंधरा एकर होतं. त्यातून शाळा निघाली, पाण्याची टाकी निघाली, घरकुलं निघाली, उरलं चार एकर. वरचं दोन एकर बरड, म्हणजे चढावरची मुरमाड जमीन. खालचं दोन एकर तलावाच्या सांडव्याला लागून, तिथं उन्हाळ्यातही ओल राहते. दोन्हीकडे तरोटा आणि रानतुळस माजली होती. गायी दोन्हींना तोंड लावत नाहीत. त्यामुळे गायरान असून बेबीबाई गायी रस्त्याच्या कडेनं आणि पारेवर चारत होती.

मागच्या साली मार्चात ग्रामसभा झाली. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष धनराज अर्ज घेऊन उभा राहिला. तलावावर पोट असलेली पस्तीस घरं त्याच्या मागे. मासोळीचं बीज बाहेरून आणावं लागतं, अर्धं वाटेतच मरते, म्हणून गायरानात डबके खोदून बीज इथेच वाढवायचं, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. चारही एकर मागितलं होतं. तिकडे गाय चरताना कोणी शेवटची कधी पाहिली, असं त्यानं सभेला विचारलं.

सरपंच ज्योत्सना. धान्याच्या व्यापाऱ्याची सून, वय पस्तीस, बोलणं तोलून. तिनं बेबीबाईला उभं केलं आणि विचारलं, गायरान गेलं तर तुमचं काय. बेबीबाई म्हणाली, गायरान गेलं तर गायकी गेली. पारेवरही आता सोसायटी झाडं लावणार, रस्ता रुंद होणार, मग गायी चारायच्या कुठे. लोक घरी बांधून तणसावर, धानाच्या सुक्या पेंढ्यावर ठेवतील, तणसावर दूध आटेल, दूध आटलं की विकतील. ती हे सगळं असं सांगत होती जसं कोणी उद्याचा बाजार कुठे भरणार ते सांगावं.

ज्योत्सना म्हणाली, "काकी, तरोटा दाखवून जागा राखता येत नाही. गायी चरताना दिसल्या पाहिजेत. गायगोधनापर्यंत वेळ देते. त्या दिवशी दिसल्या तर अर्ज बाजूला. नाही दिसल्या तर ठराव करून वर पाठवते."

"दिसतीन," बेबीबाई म्हणाली आणि खाली बसली.

गायगोधन म्हणजे दिवाळीचा पाडवा. शेणाचं गोधन रचतात, त्यावरून गायी चालवतात. दुसरीकडे त्यानंतर गायी घरी जातात. आमच्या गावात त्यांना थेट गायरानात नेतात, मागून सारा गाव जातो, नवे कपडे घालून. म्हणजे लपवाछपवीला जागा नाही. ज्योत्सनानं दिवस विचार करूनच नेमला होता.

गुरांच्या दवाखान्यात मंगेश नावाचा माणूस आहे. टोचणी करतो, गाभण तपासतो. बेबीबाई त्याच्याकडे गेली. तो म्हणाला, योजनेत बियाणं मिळते, पण अर्जावर एकाच गवताचं नाव लिहायला जागा आहे. त्यानं पाच नावं सांगितली. नेपियर, पॅरा, मारवेल, स्टायलो, दशरथ. कोणतं घ्यायचं ते तुम्हीच ठरवा, म्हणजे नंतर मला बोल लागायला नको, असंही सांगितलं. सरकारी माणसाला हे शिकवावं लागत नाही.

बेबीबाई म्हणाली, "मी कोन ठरवनारी? खानारीले इचारू."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंगेशनं सरकारी मळ्यातून पाचही गवतांच्या पेंढ्या आणल्या. सकाळी आखरावर पाच टोपले ओळीनं ठेवले. टोपले घराघरातून मागून आणलेले. नेपियरची पेंढी सगळ्यांत मोठी, उसासारखी, तिला मोठा टोपला पाहिजे होता. तो शेजारच्या गिरजाबाईचा मिळाला. मोहाचे दिवस होते. गिरजाबाई पहाटेच फुलं वेचून आली होती, टोपला अंगणात उपडा करून फुलं वाळत घातली आणि रिकामा टोपला बेबीबाईच्या हाती दिला. त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. त्या महिन्यात गावातल्या प्रत्येक मोठ्या टोपल्याचं हेच काम असते आणि साऱ्या गावालाच मोहाचा वास असतो, म्हणून तो कोणाच्या नाकाला लागत नाही.

गायी सोडण्याआधी बेबीबाईनं पाचही गवतं चाखली. नेपियर जाड आणि पाणचट. पॅरा बरं. स्टायलोचा पाला कडवटसर, पण जिभेवर भरीव. मारवेल दाढेखाली धरलं आणि ती थांबली. गोड होतं, आणि ओळखीचं होतं.

"हे तं आपल्या धुऱ्यावरचं हाये," ती मंगेशला म्हणाली.

असेल, मंगेश म्हणाला, इकडचंच गवत आहे. बेबीबाईनं काडी थुंकली. बांध्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आपण दर साली कुदळीनं खणून फेकतो ते गवत सरकारातून कोण मागवते, असं तिला वाटलं. लोकही हसले.

मग गायी सोडल्या. पुढे कबरी, कळपाची म्होरकी. तिनं पहिला टोपला हुंगला, दुसरा हुंगला, आणि मान उंच करून सरळ नेपियरच्या टोपल्याकडे गेली. बाकीच्या तिच्या मागे. अशी रेटारेटी झाली की टोपल्याचा काठ एका बाजूनं तुटला. मारवेलच्या टोपल्याशी एक म्हातारी गाय तेवढी उभी होती, तिला गर्दीत शिरता येत नव्हतं.

मंगेश सांगत होता की नेपियर हे कापून घालायचं गवत आहे, त्यात गाय सोडत नाहीत. त्याचं कोणी ऐकत नव्हतं. गायीनं कौल दिला होता. बेबीबाईच्या जिभेनं वेगळं सांगितलं होतं, पण ती म्हणाली, खाणारी ती, मी कशाला मधात बोलू. मंगेशनं अर्जावर नेपियर लिहिलं.

जूनमध्ये घरटी एक माणूस आला. तरोटा आणि रानतुळस काढली, नेपियरची दोन डोळ्यांची कांडी लावली, चारही एकरात. खालच्या ओलीत ती अशी उठली की श्रावणात माणूस दिसेना. वरच्या बरडावर वीतभर झाली, पिवळी पडली, आणि पंधरा दिवस पावसानं दडी मारली तेव्हा वाळली. दोन एकर तरी साधलं, असं म्हणून बेबीबाईनं गायी खालच्या नेपियरमध्ये घातल्या.

गायींनी शेंड्याची पानं ओढली, बुडखे सोडले. बुडखे मोडून आडवे झाले. ओल्या जमिनीत खूर हातभर रुतू लागले आणि तिसऱ्या दिवशी तिथं म्हशी लोळल्यासारखं झालं. गायी बाहेर काढाव्या लागल्या. मग गवत पुन्हा उठलं आणि विळे निघाले. ज्याच्या घरी कापायला हात होते तो पहाटे जाऊन भारा आणू लागला. ज्याच्याकडे दोन पोरं होती त्यानं दोन भारे आणले. ज्याच्या घरी म्हातारं माणूस आणि एक गाय, त्याला धसकटं. आपल्याकडे गायरानाची गोष्ट सोपी असते. गायीनं तोंडानं खाल्लेल्याची कोणी वाटणी मागत नाही, विळ्यानं कापलेल्याची मागतात. महिन्याभरात दोन भांडणं पंचायतीपर्यंत गेली. आणि बेबीबाई बत्तीस गायी घेऊन रस्त्याच्या कडेलाच होती.

त्याच दिवसांत एका दुपारी ऊन पडलं. गिरजाबाईनं कणगीतला वाळका मोह बाहेर काढून उन्हात पसरला आणि रिकामा टोपला भिंतीशी ठेवला. संध्याकाळी गायी परत येत होत्या. कबरी वाट सोडून गिरजाबाईच्या अंगणात शिरली. पसरलेल्या मोहाजवळ गिरजाबाई काठी घेऊन बसली होती, म्हणून तिकडे तिची हिंमत झाली नाही. तिनं रिकाम्या टोपल्यात तोंड घातलं आणि बूड चाटू लागली. मागून दुसरी आली, तिसरी आली. टोपल्याचा काठ एका बाजूनं तुटलेला होता.

बेबीबाई उभी राहून पाहत होती. गायींना हाकायचं सोडून ती पाहत का बसली म्हणून गिरजाबाईनं तिला झापलं. बेबीबाईनं विचारलं, "मावशी, त्या दिवशी नेपियर याच्यात होतं ना?"

"याच्यातच होतं. काठ तुह्यानंच मोडला. अजून बांधून नाही देल्ला."

दुसऱ्या दिवशी आखरावर सगळे गायी सोडायला आले तेव्हा बेबीबाईनं सांगून टाकलं की गायींनी गवत निवडलं नव्हतं, मोहाचा टोपला निवडला होता. चूक माझी. जिभेनं सांगितलं होतं ते मी ऐकलं नाही. न सांगता चाललं असतं. कोणाला कळलं नसतं. पण बरडावर आता दुसरं गवत लावायचं तर लोकांच्या धुऱ्यावर जावं लागणार होतं आणि कारण सांगितल्याशिवाय धुऱ्यावर कोण येऊ देते.

ही गोष्ट दुपारपर्यंत तलावावर पोहोचली. धनराज जाळं वाळत घालत होता. बेबीबाई पारेवरून जाताना तो म्हणाला, "वयनी, आता गवत कायले लावता? बरडावर टोपलेच लावून द्या."

बेबीबाई म्हणाली, लावते, तुमची मासोळी त्यातच वाढेल. दोघंही हसले नाहीत.

निंदणाचे दिवस होते. बाया बांध्यांमध्ये धानातलं तण काढत होत्या, माणसं धुरे साफ करत होती. बेबीबाई गायी पुढे घालून धुऱ्याधुऱ्यानं फिरली. मारवेल कसं ओळखायचं ते तिनं बायांना दाखवलं. तुऱ्याला कोंबडीच्या पायासारखी बोटं, बोटं जांभळट, आणि कांडीच्या पेराशी पांढऱ्या केसांचं कडं. फेकू नका, बाजूला ठेवा, मी नेते. बाया म्हणाल्या, आजवर आम्ही हे उपटताना कंबर मोडून घेतली आणि आता तू नेऊन लावणार. संध्याकाळी ओल्या पोत्यातून ठोंबं यायची आणि सकाळी बरडावर लागायची, हातभर अंतरानं. लोक एकदा राबून बसले होते, पुन्हा कोणी आलं नाही. गिरजाबाई दोन दिवस आली. टोपला माझा होता, म्हणाली, म्हणून दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आली नाही.

मंगेशनं येऊन पाहिलं. हेच ते, म्हणाला. दवाखान्यात उरलेलं स्टायलोचं थोडं बी आणून ओळींच्या मधात फेकून दिलं, मारवेलसोबत ते चालते आणि त्यानं दुधाला जोर येतो. जाता जाता मात्र त्यानं एक गोष्ट सांगितली. "बाई, यंदा गाय आत सोडायची नाही. अजून मूळ धरलेलं नाही. गाय ओढते आणि ठोंब मुळासकट येते. पुढच्या पावसात सोडा, मग पंधरा साल पाहायला नको."

गायगोधनाला दोन महिने होते.

यातून काय करायचं ते तिनं कोणालाच विचारलं नाही. ताराचंद आला होता, त्यानं आपणहून सांगितलं की एक दिवस चारून टाक, लोकांना दाखव, मग पुढचं पुढे. त्याचं बोलणं ज्याला गायकी करायची नाही त्याचं होतं. ती म्हणाली, पाहू.

पाडव्याला गायींच्या अंगावर गेरूचे ठप्पे होते, शिंगांना रंग, गळ्यात झेंडूचे हार. गोधन रचलं, वाजंत्री लागली, कबरी पुढे झाली, बाकीच्या मागून तुडवत गेल्या. खालचं नेपियर विळ्यांनी केव्हाच बुडापासून गेलं होतं, धान अजून उभं होतं, बांध्यांत ढोरं जाऊ शकत नव्हती आणि महिनाभर गायींना रस्त्याच्या कडेच्या काड्यांपलीकडे काही मिळालं नव्हतं. बरगड्या मोजता आल्या असत्या. मिरवणूक गायरानाकडे वळली. वर चढावर हिरवी ओळ दिसत होती, वीतभर उंच, चांगली दाट. गायींना ती लांबूनच दिसली. त्या धावायला लागल्या.

बेबीबाई त्यांच्याआधी पोहोचली आणि उलटी फिरून उभी राहिली. काठी दोन्ही हातांनी आडवी धरली. कबरी थेट तिच्यावर आली. बेबीबाईनं तिच्या नाकावर काठी मारली. गायीला मारताना तिला कोणी पाहिलं नव्हतं. वाजंत्री थांबली. कळप काठीपलीकडे अडला, मागून लोक येऊन भिडले.

ज्योत्सनानं काय झालं ते विचारलं. बेबीबाई म्हणाली, गायी आत जाणार नाहीत.

धनराज पुढे आला. "वयनी, खाऊ द्या ना. आजच्यासाठीच तं लावलं. खाल्लं तं तुम्ही जिंकल्या."

बेबीबाईनं वाकून एक ठोंब दोन बोटांत धरलं आणि हलकंच ओढलं. ते मुळासकट हातात आलं. मुळं पांढरी, बोटभर. तिनं ते सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"आज दाखवाले चारलं तं उद्या इथं माती राहते," ती म्हणाली. "मले आजचा दिवस नाही पाहिजे. पुढच्या सालची जागा पाहिजे. ठराव करायचा असन तं करा."

मग तिनं ते ठोंब परत मातीत दाबलं, पायानं माती बसवली.

लोकांत बोलणं सुरू झालं. काही म्हणत होते बरोबर आहे, काही म्हणत होते सणाच्या दिवशी गायी उपाशी फिरवल्या. ज्योत्सनाला आपलाच शब्द आडवा आला. गायी चरताना दिसल्या पाहिजेत, हे तिनंच साऱ्या गावासमोर म्हटलं होतं, आणि सारा गाव समोर उभा होता. ती म्हणाली, "काकी, अट पुरी झाली नाही."

"नाही झाली," बेबीबाई म्हणाली. आणि गायी फिरवून रस्त्याकडे घेऊन गेली. गायींनी एकमेकींच्या गळ्यातल्या झेंडूच्या हारांना तोंड मारणं सुरू केलं होतं.

नोव्हेंबरात ग्रामसभा बसली. ठराव लिहायला घेतला तेव्हा धनराजनं उठून सांगितलं की सोसायटीला खालचंच दोन एकर द्या. वरच्या बरडावर मुरूम आहे, पाणी थांबत नाही, तिथं डबकं खोदून उपयोग नाही. मागताना चार मागितलं, कारण दोन मागितलं असतं तर एक मिळालं असतं.

बेबीबाई म्हणाली, "हे मार्चमंदी सांगतलं असतं तं बरडावर मी पह्यलेच धुऱ्याचं लावलं असतं."

"सांगतलं असतं तरी एप्रिलमंदी तुमच्या गायींनी टोपलाच चाटला असता," धनराज म्हणाला.

सभा हसली, बेबीबाईही हसली. खालचं दोन एकर सोसायटीला द्यावं असा ठराव वर गेला. बरडाबद्दल काही लिहिलं नाही. एक साल पाहू, एवढं ज्योत्सना तोंडी म्हणाली, आणि सचिवानं पुढचा विषय घेतला.

खालचं गेलं म्हणजे उन्हाळ्याची ओल गेली. बरडावर मार्चनंतर हिरवं काही राहत नाही, मारवेल असलं तरी ते वाळून उभं राहते. बेबीबाईला हे माहीत होतं आणि ज्यांच्या गायी होत्या त्यांनाही. एप्रिलपर्यंत चार घरांनी सहा गायी विकल्या. मागे सव्वीस राहिल्या.

यंदाच्या पावसात बरडावरचं मारवेल गुडघ्याला लागलं. मंगेशनं येऊन एक ठोंब दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, आलं नाही. तेव्हा गायी आत गेल्या. बारा दिवस चरल्या, मग बेबीबाईनं बाहेर काढल्या आणि पंचवीस दिवस आत सोडल्या नाहीत. लोकांना हे पटलं नाही, समोर गवत असताना गायी रस्त्यानं कशाला फिरवायच्या. दुधात फरक पडला की नाही यावर गावात दोन मतं आहेत. खाली सोसायटीचे डबके खोदून झालेत, त्यातली माती बरडाच्या कडेला टाकलेली आहे. बेबीबाईनं त्या मातीवरही मारवेलची ठोंबं लावलीत. जागा सोसायटीची की गायरानाची, हे अजून कोणी मोजलेलं नाही.